दिवसाची वीज, रात्रीची वीज

चंद्रपूरहून निघालेली एक वीजवाहिनी सुमारे साडेसातशे किलोमीटर चालून भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याला पोहोचते. पाचशे किलोव्होल्टची ही डीसी वाहिनी १९९९ पासून सुरू आहे आणि दीड हजार मेगावॅट वीज एका दमात वाहून नेण्याची तिची ताकद आहे. अशा वाहिनीला वाटेत फाटा फोडणे सोपे नसते. त्यामुळे ज्यांच्या वावरातून तिचे मनोरे गेले, त्या गावांच्या डोक्यावरून ती सरळ मुंबईच्या दिशेने निघून जाते. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत ‘सौर की अणू’ हा प्रश्न विचारायचा तर सुरुवात या तारांपासूनच करायला हवी. इथे वीजनिर्मिती कमी नाही. ती कोणासाठी बनते, कोणत्या वेळी मिळते आणि तिच्यापायी जमीन कोणाची जाते, हे इथले खरे प्रश्न आहेत.

चंद्रपूर जिल्ह्याचे कोळशाशी नाते जुने आहे. वरोऱ्यात इंग्रजांनी १८७० च्या दशकातच खाण सुरू केली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली. पुढे बल्लारपूर, माजरी, घुग्गुस, राजुरा, दुर्गापूर, पद्मापूर अशी खाणींची रांगच लागली. दुर्गापूरजवळच्या महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. पहिले दोन संच आता बंद झाले असले तरी उरलेल्या सात संचांची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या वीज केंद्रांत त्याची गणना होते.

या विजेची किंमत चंद्रपूरकर श्वासातून मोजतात. एक युनिट वीज बनवायला पाऊण किलोच्या आसपास कोळसा जाळावा लागतो. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण मोठे, म्हणजे प्रत्येक युनिटमागे पाव किलोच्या आसपास राख. देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची केंद्रीय यादी २००९ मध्ये जाहीर झाली, तेव्हा चंद्रपूर त्यात अगदी वरच्या क्रमांकांत होते. वीज केंद्राच्या मागे जंगल सुरू होते आणि ते थेट ताडोब्याला भिडते. आवारातल्या झुडपांत वाघ-बिबट्यांचा वावर नेहमीचाच. २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या परिसरातच एका कामगाराचा वाघाने बळी घेतला.

तेव्हा कोळसा जायला हवा, यावर या जिल्ह्यांत तरी फारसे दुमत असू नये. वाद आहे तो त्याच्या जागी काय यावे, याचा.

अणुऊर्जेच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नाही. गडचिरोलीच्या सीमेपलीकडे तेलंगणात, हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये भारतीय अणुभट्ट्यांचे इंधन तयार होते. २२० मेगावॅटच्या देशी भट्टीत जाणारा इंधनाचा एक जुडगा साधारण अर्धा मीटर लांब असतो. झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या एकोणीस नळ्या, त्यांत युरेनियम ऑक्साइडच्या गोट्या, आणि आतल्या युरेनियम ऑक्साइडचे वजन सुमारे पंधरा किलो. भट्टीत न गेलेला नवा जुडगा माणूस दोन हातांनी उचलू शकतो. भट्टीत त्याचे काम संपेपर्यंत तो सहा लाखांहून अधिक युनिट वीज देतो. तेवढीच वीज कोळशातून काढायची तर साडेचारशे टनांच्या आसपास कोळसा लागेल. वीस-पंचवीस टन भरलेले ट्रक घुग्गुस-वणीच्या रस्त्यावर रोज धूळ उडवत जातात. तसे वीसेक ट्रक एका जुडग्याच्या बदल्यात उभे राहतात. हवामानाच्या दृष्टीनेही अणुवीज स्वच्छ ठरते. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाने २०१४ च्या अहवालात खाणीपासून अखेरपर्यंतचा हिशेब मांडला. त्यात प्रत्येक युनिटमागे कार्बन डायऑक्साइडचे मध्यम मूल्य कोळशाला ८२० ग्रॅम, मोठ्या सौर प्रकल्पांना ४८ ग्रॅम आणि अणुऊर्जेला १२ ग्रॅम आले.

जमिनीच्या हिशेबात तर अणुऊर्जा खूपच पुढे आहे, आणि जंगलाच्या जिल्ह्यांना हा हिशेब टाळता येणार नाही. दुर्गापूरचे केंद्र वर्षभर सरासरी ६५ टक्के क्षमतेने चालले असे धरले, तर ते सुमारे १,६६० कोटी युनिट वीज देते. सौर पॅनल रात्री झोपतो, ढगाखाली मंदावतो, म्हणून वर्षाच्या सरासरीत तो क्षमतेच्या पाचव्या हिश्शाइतकेच काम करतो. एवढी वीज सूर्याकडून घ्यायची तर दहा हजार मेगावॅटच्या घरात पॅनल लावावे लागतील. एका मेगावॅटला चार ते पाच एकर धरले तर चाळीस ते पन्नास हजार एकर, म्हणजे १६० ते २०० चौरस किलोमीटर. ताडोबाचा गाभा ६२५ चौरस किलोमीटरचा आहे. त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढी ही जमीन झाली. तीच वीज ७०० मेगावॅटच्या तीन-चार अणुभट्ट्या देऊ शकतील. जैतापूरला ९,९०० मेगावॅटच्या प्रकल्पासाठी घेतलेली जमीन ९३८ हेक्टर आहे, दहा चौरस किलोमीटरही नाही.

हा आकडा वाचून सौरऊर्जेच्या समर्थकांनी नजर चुकवू नये. गडचिरोलीचा तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग जंगल आहे. उरलेल्या जमिनीत धान पिकते, आणि जे ‘पडीक’ म्हणून सातबाऱ्यावर दिसते त्यावर कोणाची तरी गुरे चरतात, कोणी तरी मोह वेचते. मोठमोठे सौर प्रकल्प राजस्थानच्या भाडल्यात शोभतात. तिथे २०१७ मध्ये युनिटला २ रुपये ४४ पैसे असा तेव्हाचा नीचांकी दर आला आणि देशभरातली विजेची गणिते बदलली. तो नमुना उचलून धानोऱ्यात किंवा एटापल्लीत आणून ठेवता येणार नाही.

पण सौरऊर्जेचे बळ आकारात नाहीच. ती हवी तितकी लहान करता येते, आणि नेमके तेच या मुलखाच्या कामाचे आहे.

ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली, मूल हा धानाचा पट्टा. मामा तलाव, बोड्या आणि आता बोअर यांच्यावर शेती चालते. कृषिपंपांना थ्री फेज वीज पाळीने मिळत आली आहे: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याला अंधारात वावर गाठावे लागते. मोटार डीपीपासून दूर असते, ऑटो स्विच लावला तरी पाणी कोणत्या बांधीत गेले, धुरा कुठे फुटला, हे पाहायला माणूस लागतोच. हाती बॅटरी, पायात चिखल आणि समोर कमरेएवढे पीक. ब्रह्मपुरी वनविभागात व्याघ्र प्रकल्पाबाहेर राहणाऱ्या वाघांची संख्या मोठी आहे आणि ते याच धुऱ्यांवरून फिरतात. सापांचे आणि रानडुकरांचे भय वेगळेच. ‘दिवसा वीज द्या’ ही मागणी पश्चिम महाराष्ट्रात सोयीची असेल, या पट्ट्यात ती जिवाची आहे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना या मागणीला दिलेले उत्तर आहे. २०१७ मध्ये ती सुरू झाली आणि २०२३ पासून तिची दुसरी आवृत्ती राबवली जाते. उद्दिष्ट १६ हजार मेगावॅटचे आहे, मात्र ते एका जागी नाही. वीज उपकेंद्राच्या जवळ सरकारी किंवा भाड्याच्या जमिनीवर काही मेगावॅटचा प्रकल्प उभारायचा, त्याची वीज त्याच उपकेंद्रातून कृषी फीडरला द्यायची. ती पडघ्याला जात नाही, शेजारच्या गावातच संपते. दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडतो. सूर्य दिवसा तळपतो म्हणून पंपही दिवसा चालतो. सौरऊर्जेची जी उणीव सांगितली जाते, तीच इथे गुण ठरते. पंपाला रात्रीची वीज नकोच आहे. जिथे तार पोहोचत नाही तिथे ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतून स्वतंत्र पंप मिळतो. त्यात शेतकऱ्याने दहा टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी पाच टक्के.

विजेने होणारे एक मरण इथल्या बातम्यांत वारंवार येते. रानडुकरांपासून पीक वाचवायला कोणी वरून जाणाऱ्या तारेवर आकडा टाकतो, उघडी तार धुऱ्यावर पसरतो. त्या तारेला डुक्कर चिकटते, कधी वाघ चिकटतो, कधी पहाटे शेजारच्या वावरात निघालेला माणूस. याला उतारा म्हणून गावोगावी आले आहे ते सौर कुंपण. लोक त्याला ‘झटका मशीन’ म्हणतात. खांबावर हातभर लांबीचा पॅनल, खाली पेटीत बॅटरी आणि एक यंत्र, तिथून वावराभोवती फिरलेल्या तारा. यंत्रातून ठरावीक अंतराने, क्षणभरच टिकणारा विजेचा ठोका तारेत सुटतो. व्होल्टेज मोठे, पण प्रवाह इतका थोडा वेळ टिकतो की जनावर दचकून मागे फिरते, जिवानिशी जात नाही. पावसाळ्यात गवत वाढून तारेला टेकले की ठोका जमिनीत उतरतो आणि कुंपण निकामी होते, म्हणून तारेखालचे गवत सतत काढावे लागते. वन विभागाने जन-वन विकास योजनेतून या कुंपणाला अनुदान दिले आहे. कोणत्याही मेगावॅटच्या तक्त्यात हे यंत्र दिसणार नाही, तरी या मुलखात सौरऊर्जेने केलेले सर्वांत मोलाचे काम कदाचित हेच असेल.

सूर्याचीही इथे परीक्षा होते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४७-४८ अंशांपर्यंत जातो तेव्हा वाटते की सौर प्रकल्पाला याहून चांगली जागा कोणती? पण पॅनलला ऊन हवे असते, उष्णता नको असते. त्याची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यावर प्रत्येक अंशामागे ती ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. भर उन्हात पॅनलचा पृष्ठभाग ६५-७० अंशांवर गेला की सातवा-आठवा हिस्सा वीज तिथेच गळते. कोळशाची धूळ बसली तर आणखी घट, आणि पॅनल धुवायला पाणी हवे ते वेगळेच. मग पाऊस येतो. जुलै-ऑगस्टमध्ये पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आठवडाभर आभाळ उघडत नाही, आणि घरातला दिवा, आरोग्य केंद्रातला लस ठेवायचा फ्रीज, मोबाइलचा टॉवर यांना विजेची सर्वाधिक गरज असते तेव्हाच पॅनल हात आखडता घेतो.

दुर्गम पाड्यांवर महाऊर्जेमार्फत आणि केंद्र सरकारच्या निरनिराळ्या योजनांतून घरगुती सौर दिवे पोहोचले. २०१७ नंतर ‘सौभाग्य’ योजनेतही तार न पोहोचणाऱ्या घरांना सौर संच देण्याची तरतूद होती. पॅनल पंचवीस वर्षे टिकतो, लेड-अ‍ॅसिड बॅटरी मात्र तीन ते पाच वर्षांत मान टाकते. ती बदलून देणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी नसेल तर छपरावरचा पॅनल नुसता दाखवायला उरतो. अशी गावे ‘विद्युतीकरण झालेली’ म्हणून नोंदली जातात, ही मोठी अन्यायाची गोष्ट आहे. कारण एकदा नोंद झाली की तारेची वाट पाहणाऱ्यांच्या यादीतून ते गाव निघून जाते. वनहक्क कायद्यातील कलम ३(२) नुसार गावाच्या वीजवाहिनीसाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. मार्ग उपलब्ध आहे, तो चालायला हवा. सौर दिवा हा तारेला पर्याय म्हणून गावाच्या माथी मारू नये. तार आणि सूर्य दोन्ही हवेत.

आता रात्र. महाराष्ट्राला संध्याकाळी सातनंतरही वीज लागते आणि गडचिरोलीलाही पुढे ती भरपूर लागणार आहे. सुरजागडच्या डोंगरातले लोहखनिज निघते आहे, कोनसरीला कारखाना उभा राहिला आहे, जिल्हा पोलादाचे केंद्र करण्याची सरकारची घोषणा आहे. पोलादाचा कारखाना सूर्य मावळला म्हणून थांबत नाही. भारतीय अणुऊर्जा महामंडळाने २०२४ च्या अखेरीस नेमक्या अशाच उद्योगांपुढे प्रस्ताव ठेवला: स्वतःच्या वापरासाठी २२० मेगावॅटची ‘भारत स्मॉल रिअ‍ॅक्टर’ उभारण्यास पैसा आणि जमीन द्या, चालवू आम्ही. पाठोपाठ २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत एक लाख मेगावॅट अणुऊर्जेचे उद्दिष्ट आणि छोट्या भट्ट्यांच्या संशोधनासाठी २० हजार कोटी रुपये जाहीर झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, दुर्गापूरचे केंद्र चालवणाऱ्या महानिर्मितीने थोरियमवर चालणाऱ्या छोट्या भट्टीसाठी रशियाच्या रोसाटॉमशी सामंजस्य करार केला. या कशातही चंद्रपूर किंवा गडचिरोलीचे नाव नाही. पण जुन्या औष्णिक केंद्रांच्या जागा अणुभट्ट्यांसाठी वापरण्याची चर्चा देशात सुरू आहे, आणि तयार जमीन, तयार वाहिन्या व उतरणीला लागलेले संच यांचा शोध घेणाऱ्या नजरेतून चंद्रपूर सुटेल असे मानणे भोळेपणाचे होईल. म्हणून प्रश्न आधीच विचारून ठेवलेले बरे.

पहिला प्रश्न पाण्याचा. तारापूर समुद्रकाठी आहे, जैतापूरही. चंद्रपूरला आहे इरई नदी. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटले आणि औष्णिक केंद्राचे संच बंद ठेवावे लागले. शीतमनोरे वापरणाऱ्या कोळसा केंद्रांना प्रत्येक युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा २०१५ च्या केंद्रीय नियमांनी घातली आहे. अणुभट्टीतल्या वाफेचे तापमान कमी असल्याने तिला तेवढ्याच विजेसाठी थंड करायला सहसा अधिकच पाणी लागते. शिवाय कोळशाची भट्टी विझवली की विझते. अणुभट्टी बंद केल्यावरही आतले इंधन तापत राहते आणि त्याला पाणी द्यावेच लागते. ११ मार्च २०११ नंतर फुकुशिमात जे घडले ते याच उष्णतेमुळे. उन्हाळ्यात शहराला टँकर लागतात अशा ठिकाणी हा प्रश्न तांत्रिक टिपणात बुजवून टाकता येणार नाही.

दुसरा प्रश्न माणसांचा. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांनी १९६९ मध्ये व्यापारी वीजनिर्मिती सुरू केली. देशातले ते पहिले अणुवीज केंद्र, आणि त्याचा अभिमान रास्तच आहे. तिसरा आणि चौथा संच आला तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली आणि तिथल्या मच्छीमार-शेतकऱ्यांची पुनर्वसनाची लढाई वर्षानुवर्षे कोर्टात चालली. जैतापूरचा फ्रान्सशी करार २०१० मध्ये झाला, एप्रिल २०११ मध्ये आंदोलनावर गोळीबार होऊन एक जण मरण पावला, आणि प्रकल्पाच्या जागी, माडबनच्या सड्यावर आजही भट्टी नाही. विदर्भाच्या उत्तरेला असलेल्या मंडला जिल्ह्यातले चुटका तर गडचिरोलीला अधिकच जवळचे. ते गोंडांचे गाव आहे. बरगी धरणाने एकदा उठवलेल्या माणसांना ७०० मेगावॅटच्या दोन भट्ट्यांसाठी पुन्हा उठायला सांगितले गेले आणि त्यांनी जनसुनावण्या रोखून धरल्या. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारे मेंढा-लेखा धानोरा तालुक्यात आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. या जिल्ह्यात ग्रामसभेला वळसा घालून कोणतीही भट्टी येऊ नये, पोलादाची नाही आणि अणूचीही नाही.

तिसरा प्रश्न वेळेचा. कुडनकुलमच्या पहिल्या भट्टीचे बांधकाम २००२ मध्ये सुरू झाले आणि व्यापारी वीज मिळाली २०१४ च्या अखेरीस. साठाहून अधिक वर्षांच्या प्रयत्नांनंतर देशाची अणुवीज क्षमता पावणेनऊ हजार मेगावॅटच्या आसपास आहे. सौर क्षमतेने २०२५ च्या सुरुवातीला एक लाख मेगावॅट ओलांडले, आणि त्यातला बहुतेक भाग गेल्या दहा वर्षांतला. अणुवीज येणार असेल तर ती नातवंडांच्या रात्रींसाठी येईल. यंदाच्या रब्बीत धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला तिचा उपयोग नाही.

मग पॅनल लावायचे कुठे? चंद्रपुरात कोळशाने आधीच खाल्लेली जमीन पुष्कळ आहे. कोळसा कंपनी वेकोलीच्या उघड्या खाणींभोवती मातीचे डोंगर उभे आहेत, राखेचे बंधारे आहेत, बंद झालेल्या संचांच्या जागा आहेत. मातीचे ढीग बसत राहतात, तिथे पाया घालणे खर्चाचे असते, ही अडचण खरी. तरीही जंगल आणि धानाची बांधी सोडून पहिली नजर इकडेच जायला हवी. महानिर्मितीने इरई धरणाच्या पाण्यावर १०५ मेगावॅटचा तरंगता सौर प्रकल्प आखला आहे. त्याने जमीन वाचते, पाण्याची वाफ कमी होते आणि खालच्या पाण्यामुळे पॅनलही थंड राहतात. मात्र हा जलाशय ताडोब्याच्या कुशीत आहे. हिवाळ्यात तिथे स्थलांतरित पक्षी उतरतात आणि मासेमारीवर काठची कुटुंबे जगतात. किती पाणी झाकायचे हे त्यांना विचारून ठरले पाहिजे. २००९ मध्ये ताडोब्यालगतच्या लोहारा कोळसा खाणीविरुद्ध इको-प्रो संस्थेच्या बंडू धोतरे यांनी उपोषण केले, चंद्रपूर रस्त्यावर आले आणि ती खाण रोखली गेली. ज्या शहराने हे केले, त्याला हरित विजेलाही कठीण प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.

आणि कंत्राटी कामगार. दुर्गापूर, ऊर्जानगर, घुग्गुस, बल्लारपूर इथली हजारो घरे कोळशावर चालतात: खाणीतल्यांची, वाहतुकीतल्यांची, राखेतल्यांची, केंद्राच्या देखभालीतल्यांची. एकदा उभारलेल्या सौर प्रकल्पाला माणसे फार कमी लागतात. २१० मेगावॅटचे तिसरा आणि चौथा हे संच १९८० च्या दशकातले आहेत. त्यांची पाळी आज ना उद्या येणारच. त्यांच्या बंद होण्याची तारीख ठरेल त्याच दिवशी तिथल्या कामगारांच्या प्रशिक्षणाची आणि पगाराची तारीखही जाहीर व्हायला हवी.

सौर कृषी वाहिनी योजनेत कोणते फीडर आधी घ्यायचे हे ठरवताना सहसा जमीन कुठे मिळते आणि उपकेंद्राची क्षमता किती, हे पाहिले जाते. चंद्रपूर-गडचिरोलीत त्यात तिसरा निकष घालता येईल: गेल्या पाच वर्षांत वन्यप्राण्यांच्या हल्ल्यात कोणत्या गावांत माणसे गेली. ही नोंद वन विभागाकडे गावनिहाय आहे, कारण नुकसानभरपाई त्याच नोंदीवरून दिली जाते. महावितरणकडे फीडरनिहाय गावांची यादी आहे. दोन याद्या एका टेबलावर ठेवल्या की नागभीड-सिंदेवाही-सावलीतले पहिले पन्नास फीडर एका दुपारी ठरतील, आणि पुढच्या रब्बीत त्या गावांची रात्रपाळी बंद करता येईल.